किशोरवयीन अर्धावभेदक : मानसिक व सामाजिक हेतूंचा विचार

प्रस्तावना

शिरःशूलाची तक्रार घेऊन वैद्याकडे येणारी किशोरवयीन मुले-मुली बहुधा थेट आलेली नसतात. प्रथम चष्म्याचा नंबर तपासून झालेला असतो. मग पित्त म्हणून काही दिवस औषध दिलेले असते, त्यानंतर सायनसच्या शंकेने क्ष-किरण तपासणी झालेली असते, क्वचित मेंदूचे स्कॅनही झालेले असते. सर्व अहवाल प्राकृत आले म्हणजे घरात एक वाक्य उच्चारले जाते, "काही नाही, हे सगळं मनाचं आहे." परीक्षा जवळ आली असेल तर त्याला पुढचे वाक्य जोडले जाते, "अभ्यास नको म्हणून डोकं दुखतं." त्या क्षणापासून ते मूल रुग्ण तर राहतेच, शिवाय आरोपीही होते.

याच्या उलट टोकाची चूक चिकित्सकाकडून होते. वेदना खरी आहे हे मान्य करून तो दोष-दूष्यांचा विचार करतो, औषधयोजना करतो. परंतु त्या मुलाचा दिवस कसा जातो, तो किती झोपतो, शाळेत त्याच्याशी कोण कसे वागते, घरी त्याच्या वेदनेचे काय होते, हे विचारण्याचे राहून जाते. हेतू चालू आणि औषधही चालू, अशी ही स्थिती होय. प्रस्तुत लेखात किशोरवयीन मायग्रेनच्या वेदनेवर परिणाम करणाऱ्या मानसिक व सामाजिक घटकांचा विचार संहितोक्त हेतू आणि अलीकडील संशोधन या दोहोंच्या आधारे केला आहे. मन व समाज यांचा वाटा मान्य केल्याने वेदना खोटी ठरत नाही, उलट निदानपरिवर्जनाचे क्षेत्र विस्तारते, हे स्पष्ट करणे हा त्याचा हेतू आहे.

व्याधीचे स्वरूप

अर्धावभेदकाचे वर्णन चरकसंहितेत सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात, सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राच्या पंचविसाव्या अध्यायात आणि अष्टांगहृदयात उत्तरस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात आले आहे. मन्या, भ्रू, शंख, कर्ण, अक्षी व ललाट यांच्या अर्ध्या भागात होणारी तीव्र वेदना हे त्याचे प्रधान लक्षण होय. चरकांनी केवळ वात अथवा कफानुबंधी वात हा दोष मानला, तर सुश्रुतांनी तो त्रिदोषज मानला. पंधरवड्याने वा महिन्याने वेग येणे आणि तो आपोआप शमणे, हे वाग्भटांनी नोंदविलेले वैशिष्ट्य मायग्रेनच्या वेगी स्वरूपाशी चांगले जुळते.

तथापि किशोरवयात एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आंतरराष्ट्रीय शिरःशूल वर्गीकरणाच्या २०१८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार प्रौढांमध्ये मायग्रेनचा वेग ४ ते ७२ तास टिकतो, तर १८ वर्षांखालील रुग्णांत तो २ तासांतही संपू शकतो. शिवाय या वयात वेदना पुष्कळदा दोन्ही बाजूंस असते. एका बाजूची वेदना तारुण्याच्या उंबरठ्यावर स्पष्ट होऊ लागते. त्यामुळे 'अर्धे डोके दुखत नाही, म्हणजे मायग्रेन नाही' हा निष्कर्ष मुलांच्या बाबतीत फसवा ठरतो. हृल्लास किंवा छर्दी, प्रकाश व आवाज असह्य होणे, हालचालीने वेदना वाढणे आणि दोन वेगांच्या मध्ये मूल पूर्ण स्वस्थ असणे, ही लक्षणे अधिक मार्गदर्शक होत. वेगांच्या मधली ही स्वस्थताच मुलाच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाते. सकाळी अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेले मूल संध्याकाळी मैदानावर खेळताना दिसले, की सकाळची वेदना सोंग होती असे घरच्यांना वाटते. वस्तुतः वेगी व्याधीचा तो स्वभावच आहे.

हा व्याधी मुलांत दुर्मीळ नाही. विविध देशांतील पाहण्यांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मुले व किशोरवयीन यांच्यात मायग्रेनचे प्रमाण ७.७ टक्के, मुलींत ९.७ व मुलग्यांत ६ टक्के आढळले. लहान वयात मुलगे व मुली यांच्यात फारसा फरक नसतो. रजोदर्शनानंतर मुलींतील प्रमाण वाढते. मोठेपणी तो आपोआप जाईल, या आश्वासनालाही मर्यादा आहे. स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ बो बिले यांनी उप्साला शहरातील सुमारे ९ हजार शाळकरी मुलांची पाहणी १९६२ साली प्रसिद्ध केली आणि त्यांतील तीव्र मायग्रेन असलेल्या ७३ मुलांचा पुढे ४० वर्षे मागोवा घेतला. तारुण्यात अनेकांचे वेग थांबले, तरी वयाच्या पन्नाशीच्या सुमारास निम्म्याहून अधिकांना मायग्रेन होताच.

संहितोक्त हेतूंमध्ये मनाचे स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या, म्हणजे कियन्तःशिरसीय अध्यायात शिरोरोगांचे हेतू सांगितले आहेत. वेगसंधारण, दिवास्वप्न, रात्रिजागरण, उच्चभाष्य, असात्म्य गंध, धूम, रज, आतप, अतिशीत जलपान या हेतूंच्या जोडीनेच रोदन, बाष्पनिग्रह आणि मनस्ताप यांचा तेथे निर्देश आहे. रडणे आणि अश्रू दाबणे हे दोन्ही एकाच यादीत यावेत, हे चिंतनीय आहे. दुःखाचा अतिरेक आणि दुःखाचा निरोध, दोहोंनी शिर पीडित होते, असा त्याचा अर्थ घेता येतो. मनस्ताप हा आहार-विहाराच्या हेतूंपासून वेगळा काढून परिशिष्टात ठेवलेला नाही. तो धूर, ऊन व जागरण यांच्याच पंक्तीत बसविला आहे. म्हणून 'शारीरिक की मानसिक' हा घराघरांत विचारला जाणारा प्रश्न आपल्या शास्त्राचा नव्हे.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील अधारणीय वेगांचे वर्णनही या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. निद्रेचा वेग धारण केल्याने होणाऱ्या लक्षणांत शिरोरोग व अक्षिगौरव आहेत. मूत्रवेग धारण केल्याने शिरोरुजा आणि पुरीषवेग धारण केल्याने शिरःशूल सांगितले आहे. आजच्या शाळकरी मुलाच्या दिनक्रमात यांतील कोणते वेग किती वेळा दाबले जातात, याची गणना करून पाहावी. उत्तर अस्वस्थ करणारे येईल.

वयाचा विचारही तेथे आहे. विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व आणि त्यानंतर तीस वर्षांपर्यंत धातू वाढत असले तरी सत्त्व बहुधा अनवस्थित असते, असे म्हटले आहे. ज्या वयात सत्त्व अद्याप स्थिर झालेले नाही, त्याच वयात आपण मुलांवर आयुष्याचे निर्णय, स्पर्धा आणि तुलना यांचा सर्वाधिक भार टाकतो.

मानसिक घटक

मायग्रेनची प्रवृत्ती मुख्यतः आनुवंशिक असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या व्याधीशी निगडित १२३ जनुकीय स्थाने नोंदविली गेली. आई, मावशी, आजी यांचे 'डोके उठण्याचे' वृत्त विचारल्यास ते पुष्कळदा मिळते. तेव्हा चिंता अथवा दुःख हा व्याधी शून्यातून निर्माण करीत नाहीत. ज्या मेंदूचा उंबरठा जन्मतः खालचा आहे, त्यात वेग किती वारंवार यावा, किती काळ टिकावा आणि त्याने मुलाचे किती नुकसान व्हावे, यांवर त्यांचा प्रभाव पडतो. आपल्या परिभाषेत खवैगुण्य पूर्वीपासून आहे, हेतू त्यावर कार्य करतात.

ताण हा यांतील सर्वांत परिचित घटक होय. त्याचे एक अंग मात्र सहसा लक्षात येत नाही. वेग पुष्कळदा ताणाच्या शिखरावर न येता ताण उतरल्यावर येतो. प्रौढ रुग्णांच्या दैनंदिन नोंदींवर आधारित २०१४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात ताण कमी झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत वेग येण्याची शक्यता पुष्कळ वाढलेली दिसली. मुलांतही असा अनुभव येतो. शेवटचा पेपर देऊन घरी आलेली मुलगी दुपारी डोके धरून बसते, रविवारी सकाळी मुलगा अंथरुणातून उठत नाही. 'आता तर परीक्षा संपली, मग आता कसला ताण?' हा पालकांचा प्रश्न तर्काला धरून वाटतो, पण व्याधीच्या गतीला धरून नाही.

चिंता व विषाद यांचा संबंध अधिक गंभीर आहे. २०२२ सालच्या एका एकत्रित आढाव्यात मायग्रेन असलेल्या मुलांत चिंता व विषाद असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. तैवानमध्ये १२ ते १४ वर्षे वयाच्या सुमारे ८ हजार विद्यार्थ्यांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत जवळजवळ रोज डोके दुखणारे १२१ विद्यार्थी आढळले. त्यांतील ४७ टक्क्यांना किमान एक मानसिक विकार होता आणि दर पाचांतील एकास आत्मघाताचा धोका अधिक होता. हे आकडे दैनिक शिरःशूलाच्या तीव्र टोकाचे आहेत, प्रत्येक मायग्रेनच्या रुग्णाचे नव्हेत. तरीही डोकेदुखीच्या तक्रारीमागे निराशा दडलेली असू शकते, हे वैद्याने गृहीत धरून चालले पाहिजे.

येथे कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी वाहतो. वेदनेमुळे शाळा बुडते, अभ्यास मागे पडतो, मित्र दुरावतात, त्यातून विषाद येतो. आणि विषादामुळे झोप बिघडते, भूक मंदावते व वेग वाढतात. याशिवाय 'पुन्हा दुखेल का' ही भीती स्वतंत्रपणे कार्य करते. मूल सहलीस जाणे टाळते, खेळ सोडते, डोक्यातील प्रत्येक लहानशा संवेदनेकडे लक्ष देऊ लागते. अशा वेळी वेदनेपेक्षा वेदनेची प्रतीक्षाच आयुष्य अधिक व्यापते.

सामाजिक घटक : शाळा

किशोरवयात निद्रेची वेळ निसर्गतः पुढे सरकते. रात्री झोप उशिरा येते व सकाळी जाग उशिरा येते. १३ ते १८ या वयोगटास ८ ते १० तास निद्रा आवश्यक मानली जाते. आपल्याकडे मात्र सकाळच्या सत्रातील शाळा सात-साडेसातला भरते आणि रात्रीचा क्लास आठ-नऊ वाजता सुटतो. त्यानंतर जेवण, गृहपाठ आणि मोबाइल. महाराष्ट्रात २०२४ सालच्या फेब्रुवारीत शासनाने शाळा सकाळी नऊ अथवा त्यानंतर भरविण्याचे निर्देश दिले, परंतु ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी होते. ज्या वयात निद्रेचे घड्याळ खऱ्या अर्थाने पुढे सरकते, तो आठवी ते बारावीचा वर्ग त्यातून बाहेर राहिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नये अशी शिफारस केली होती. तेथेच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेआठपूर्वी भरणाऱ्या शाळांच्या तुलनेत उशिरा भरणाऱ्या शाळांतील मायग्रेनग्रस्त विद्यार्थ्यांना महिन्याकाठी शिरःशूलाचे दिवस कमी आढळले.

दुसरा घटक अनशनाचा. सकाळी केवळ चहा-बिस्किट, मधल्या सुट्टीत अर्धवट खाल्लेला डबा आणि शाळेतून थेट क्लासला जाताना वडापाव, असा आहारक्रम अनेक मुलांचा असतो. मुलींत सडपातळ दिसण्याच्या हौसेने जेवण टाळण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यात चतुर्थी किंवा नवरात्राच्या उपवासाची भर पडते. उपवास करू नये असे येथे सुचवायचे नाही. मायग्रेनची प्रवृत्ती असलेल्या मुलीने तो निर्जल व रिकाम्या पोटी करू नये, एवढेच घरच्यांना सांगावे.

तिसरा घटक बोलला जात नाही. शाळेतील प्रसाधनगृह अस्वच्छ असते, दाराला कडी नसते, पाणी नसते. त्यामुळे अनेक मुली सकाळी घर सोडल्यापासून दुपारी परत येईपर्यंत लघुशंकेस जात नाहीत आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण दुप्पट होते, आणि नेमके त्याच सुमारास पुष्कळ मुलींना मायग्रेनचा वेग येतो. मूत्रवेगधारण व अल्प जलपान हे दोन हेतू येथे एकत्र येतात. त्यांचे मूळ त्या मुलीच्या प्रकृतीत नाही, दिनचर्येच्या अज्ञानातही नाही. ते शाळेच्या व्यवस्थेत आहे. 'भरपूर पाणी पी' हा सल्ला अशा मुलीला देऊन उपयोग नाही. त्यासाठी पालकांनी शाळेशी बोलावे लागेल, आणि वैद्याने पालकांना तसे करण्यास लेखी सुचवावे लागेल.

चौथा घटक छळाचा. वर्गातील चिडवणूक, टोपणनावे, वाळीत टाकणे आणि आता मोबाइलच्या गटांतून होणारी बदनामी यांचा परिणाम शरीरावर होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३० अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात समवयस्कांकडून छळ सोसणाऱ्या विद्यार्थ्यांत डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे यांसारख्या तक्रारी असण्याची शक्यता इतरांच्या किमान दुप्पट आढळली. सोमवारी सकाळीच डोके दुखते, ठराविक तासाच्या दिवशीच दुखते, सुट्टीत महिनाभर दुखत नाही, अशा नोंदी मिळाल्यास 'मूल अभ्यास टाळते' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी 'शाळेत काय घडते' हे विचारावे.

सामाजिक घटक : घर

घरातील वातावरणाचे दोन भाग करता येतात. पहिला भाग हेतूंचा. आईवडिलांतील कलह, आर्थिक ओढाताण, घरातील व्यसन, भावंडांशी होणारी तुलना आणि गुणांची अपेक्षा हे सर्व मनस्तापात मोडतात. मुलग्यांच्या बाबतीत बाष्पनिग्रह हा शब्द अक्षरशः लागू पडतो. 'मुलगा असून रडतोस काय?' हे वाक्य ऐकत वाढलेला मुलगा रडणे थांबवितो, पण दुःख थांबत नाही. मुलींच्या बाबतीत वेदना 'पाळीचे दुखणे' म्हणून गृहीत धरली जाते आणि सोसणे हाच तिचा गुण मानला जातो.

दुसरा भाग वेदनेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. अविश्वास जसा अपाय करतो, तसाच अतिकाळजीचाही अपाय होतो. आई दर तासाला 'आता कसं वाटतंय? दुखतंय का?' असे विचारीत राहते, सर्व कामे काढून घेतली जातात, शाळेला सुट्टी मिळते व दिवसभर मोबाइल हाती येतो. यांत मुलाचे ढोंग नसते, आईचे प्रेमही खोटे नसते. पण घराचे सर्व लक्ष वेदनेभोवती फिरू लागते. उदरशूलाच्या मुलांवर २००६ साली झालेला एक अमेरिकी प्रयोग येथे बोधप्रद आहे. मुलांना पुष्कळ पाणी पाजून पोटात अस्वस्थता निर्माण केली गेली. काही पालकांना मुलाच्या तक्रारीकडे लक्ष देण्यास, तर काहींना मुलाचे लक्ष अन्य विषयाकडे वळविण्यास सांगितले. ज्यांच्या तक्रारीकडे लक्ष दिले त्यांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, ज्यांचे लक्ष वळविले त्यांच्या निम्म्यावर आल्या. विशेष म्हणजे लक्ष वळविल्याने मुलावर वाईट परिणाम होईल अशी भीती पालकांना वाटत होती, पण दुखणाऱ्या मुलांना मात्र त्यानेच बरे वाटले. हा अभ्यास शिरःशूलाचा नाही, तरी त्यातील तत्त्व उपयोगी आहे. वेदनेवर विश्वास ठेवावा, पण तिची चौकशी पुनःपुन्हा करू नये. वेगाच्या वेळी अंधार, शांतता, निद्रा व औषध द्यावे. वेग ओसरल्यावर मुलाने पुन्हा आपल्या कामाला लागावे, उरलेल्या तासांपुरते का होईना शाळेत जावे, अशी घराची रीत असावी.

वेदनाशामकांचा प्रश्न

घरातील कपाटात वेदनाशामक गोळ्या असतात आणि परीक्षेच्या काळात त्या मोजल्या जात नाहीत. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान वा संयुक्त गोळ्या, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधामुळेच शिरःशूल कायम राहू शकतो, हे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मान्य झाले आहे. 'आजच्या दिवस क्लास बुडायला नको' या घाईतून ही सवय लागते. त्यामुळे गोळ्यांची संख्या हे केवळ औषधवृत्त नसते, मुलावरील दडपणाचेही ते माप असते. तो प्रश्न आई व मूल दोघांनाही स्वतंत्रपणे विचारावा.

वैद्याने काय विचारावे

प्रथम आशुकारी व गंभीर कारणे वगळावीत. अकस्मात उद्भवलेली आयुष्यातील सर्वांत तीव्र वेदना, ज्वर व मानेचा ताठरपणा, पहाटे झोपेतून उठविणारी वेदना व छर्दी, दुहेरी दिसणे, चालण्यात झोक जाणे, आक्षेप, हातापायांचे बलहीनत्व, डोक्यास आघात, केवळ मागील बाजूस होणारी व वाढत जाणारी वेदना, यांपैकी काहीही असल्यास विलंब न करता मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे अथवा रुग्णालयात पाठवावे. मानसिक हेतू सापडला म्हणून ही तपासणी टाळणे हा अपराध होय.

त्यानंतर मुलाचा एक पूर्ण दिवस जाणून घ्यावा : किती वाजता उठतो, काय खातो, कधी पाणी पितो, शाळेत प्रसाधनगृह वापरतो का, कोणाबरोबर डबा खातो, किती क्लास आहेत, कधी झोपतो. दोन महिन्यांची शिरःशूल-नोंदवही मुलाने स्वतः ठेवावी. आईने ठेवू नये. व्याधीने होणारे नुकसान मोजण्यासाठी अमेरिकेतील सिनसिनाटी येथे २००१ साली तयार झालेली सहा प्रश्नांची पद्धती सोपी आहे. गेल्या तीन महिन्यांत शाळेचे किती पूर्ण दिवस बुडाले, किती अर्धे दिवस बुडाले, किती दिवस शाळेत निम्म्याहून कमी लक्ष लागले, किती दिवस घरचा अभ्यास झाला नाही, किती दिवस खेळ वा अन्य कार्यक्रम चुकले आणि किती दिवस त्यांत जेमतेम भाग घेता आला, यांची बेरीज करावी. बेरीज १० पर्यंत असल्यास हानी नगण्य, ३० पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. वेदना किती, यापेक्षा वेदनेने काय हिरावले, हे या आकड्यातून कळते.

भेटीतील काही वेळ पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकांतात बोलावे. मुलीची तपासणी करताना स्त्री परिचारिका उपस्थित असावी. 'कधी जगू नये असं वाटतं का?' हा प्रश्न सरळ विचारण्यास संकोच करू नये. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होकारार्थी उत्तर मिळाल्यास त्याच दिवशी पालकांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. लैंगिक अत्याचाराचे वृत्त समजल्यास २०१२ सालच्या पॉक्सो कायद्यान्वये पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, हेही वैद्यवर्गाने ध्यानात ठेवावे.

चिकित्सेची दिशा

युक्तिव्यपाश्रय चिकित्सेत वय, बल व दोषांनुसार शमन, शिरोलेप, नस्यादी उपक्रम आपण योजतोच. परंतु आपल्या औषधाचे यश मोजताना एक अभ्यास स्मरणात ठेवावा. अमेरिकेत ८ ते १७ वर्षे वयाच्या मायग्रेनग्रस्त मुलांना अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अथवा निष्क्रिय गोळी देऊन सहा महिने पाहिले गेले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शिरःशूलाचे दिवस निम्म्याने वा अधिक कमी होणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ५२, ५५ व ६१ टक्के होते. निष्क्रिय गोळी घेणारी मुले मागे पडली नाहीत आणि दुष्परिणाम औषधांनीच अधिक झाले. मुलांची वेदना काल्पनिक होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. नियमित भेटी, नोंदी, ऐकून घेणारा चिकित्सक आणि बरे होण्याची अपेक्षा यांचाही सुधारणेत वाटा असू शकतो. या वयात वेग काळानुसार आपोआप कमी होण्याचाही वाटा त्यात असतो. म्हणून दहांतील सहा रुग्णांना आपल्या कल्पाने उतार पडला, एवढ्यावरून त्या कल्पाचा गुण सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

सत्त्वावजयाचे महत्त्व दुसऱ्या अभ्यासातून दिसते. दीर्घकालीन मायग्रेन असलेल्या १० ते १७ वर्षे वयाच्या १३५ रुग्णांना अमिट्रिप्टिलिन देण्यात आले. त्यांतील काहींना जोडीने वेदनेशी सामना करण्याचे मानसोपचारात्मक शिक्षण, तर काहींना केवळ व्याधीविषयक माहिती देण्यात आली. २०१३ सालच्या या अभ्यासात प्रारंभी २८ पैकी सरासरी २१ दिवस वेदना होती. वीस आठवड्यांनंतर पहिल्या गटात ११.५ दिवस, तर दुसऱ्यात ६.८ दिवस घट झाली. त्या शिक्षणात होते ते शरीर शिथिल करण्याचा अभ्यास, श्वसनाचे नियमन, भीतिदायक विचारांची पारख आणि टाळलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा करणे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, अशी सत्त्वावजयाची जी व्याख्या आपण विद्यार्थिदशेत पाठ केली, तिचे हे व्यवहारातील रूप मानता येईल. प्राणायाम, शवासन व विश्वासाचा संवाद यांची सांगड घालून वैद्य आपल्या चिकित्सालयातही त्याचा आरंभ करू शकतो. मात्र विषाद वा चिंता तीव्र असल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

निदानपरिवर्जन एका वेळी एकाच हेतूचे करावे. सर्व पथ्ये एकदम सांगितली तर मुलाच्या डोक्यावरील नियमांत भर पडते आणि नियम मोडल्याची अपराधी भावना हा नवा मनस्ताप होतो. पहिल्या महिन्यात केवळ झोपण्या-उठण्याची वेळ, सुट्टीच्या दिवशीही तीच; दुसऱ्या महिन्यात सकाळची न्याहारी व पाणी; त्यानंतर एक क्लास कमी करता येतो का याचा विचार, असा क्रम व्यवहार्य ठरतो. शाळेसाठी वैद्याने एक चिठ्ठी द्यावी. तीत व्याधीचे नाव, वेग आल्यास अर्धा-एक तास अंधाऱ्या शांत जागी झोपू देण्याची विनंती, पाणी पिण्याची व प्रसाधनगृहात जाण्याची परवानगी आणि वेग ओसरल्यावर वर्गात परत पाठविण्याची सूचना असावी. अशी चिठ्ठी मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याच्यावरील सोंगाचा आरोप मागे घेणे होय.

उपसंहार

किशोरवयीन मायग्रेनचे बीज आनुवंशिक असते, पण त्या बीजाला पाणी कोठून मिळते हे घरात, वर्गात आणि दिनक्रमात शोधावे लागते. रात्रिजागरण, अनशन, वेगधारण, बाष्पनिग्रह आणि मनस्ताप हे हेतू ग्रंथात एकाच दृष्टीने पाहिले गेले. आपणही ते तसेच पाहावेत. पालकांसमोर 'तुझी वेदना खरी आहे' हे वाक्य वैद्याने मुलाला उद्देशून स्पष्ट उच्चारावे. मनाविषयी व शाळेविषयी पुढचे प्रश्न त्यानंतर विचारावेत, कारण ज्या मुलाचा विश्वास बसला आहे तेच त्यांची खरी उत्तरे देते.